शब्दखेळ आणि वर्गातील अबोल मूल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



या संमेलनात शिक्षणाविषयी चार शब्द बोलावे, अशी मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज्ञा केली. अशा प्रसंगी 'राष्ट्रीय शिक्षणाचे ध्येय' किंवा 'आजचा विद्यार्थी आणि त्याचे कर्तव्य' असे भारदस्त विषय घेण्याचा प्रघात आहे. त्या विषयांची थोरवी आम्ही जाणतो. परंतु आज आपणांपुढे मांडावयाचा विषय अगदी लहान आहे. वर्गात पाच-दहा मिनिटांत खेळून होणारे शब्दांचे खेळ, एवढाच तो विषय. आमची बत्तीस वर्षे मराठी शिकविण्यात गेली. त्या काळात मुलांचे जे काही हित आमच्या हातून झाले असेल, त्यात या लहानशा खेळांचा वाटा मोठा आहे अशी आमची प्रामाणिक समजूत आहे. म्हणूनच हे धाडस करीत आहोत.

शब्द न कळण्याचे दुःख केवढे असते, हे प्रथम सांगितले पाहिजे. इयत्ता पाचवीत आमच्याकडे एक मुलगा होता. त्याचे वडील भाजीची गाडी लावीत. शाळा सुटली की हा मुलगा गाडीवर उभा राही आणि अडीच किलो कांदे, पाव किलो मिरची, दोन जुड्या मेथी यांचा हिशेब तोंडी करून गिऱ्हाइकास उरलेले पैसे अचूक परत देई. तोच मुलगा गणिताच्या परीक्षेत 'उर्वरित रक्कम किती?' या प्रश्नाखाली कोरी जागा सोडून आला. कारण विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, उर्वरित म्हणजे काय?" उरलेले पैसे तो रोज सायंकाळी मोजत होता. 'उर्वरित' या शब्दाशी मात्र त्याची कधी गाठ पडली नव्हती. त्याचे गुण गेले ते गणितात, आणि गुणपत्रिका पाहून घरच्यांनी अनुमान काढले की पोराचे गणित कच्चे आहे. अशी किती मुले 'प्रत्येकी', 'अनुक्रमे', 'किमान', 'क्रमशः' या शब्दांच्या उंबरठ्यावर ठेचाळून मागे फिरली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकारी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दशिक्षणावरील ग्रंथात शब्दांचे तीन थर मानले आहेत. पहिल्या थरात 'पाणी', 'धावणे', 'मोठा' असे नित्याचे शब्द येतात. ते मूल घरीच शिकते. तिसऱ्या थरात 'बाष्पीभवन', 'अक्षांश' असे त्या त्या शास्त्राचे शब्द येतात. ते शिक्षक फळ्यावर लिहून समजावून देतात. मधल्या थरातील शब्दांचे मात्र कोणी धनी नसते. 'विरळ', 'संथ', 'उर्वरित', 'तुलना', 'अपेक्षा', 'सातत्य' हे शब्द भाषेच्या पुस्तकात असतात, इतिहासात असतात, गणितातही असतात. आणि प्रत्येक शिक्षकास वाटते की ते दुसऱ्या कोणी तरी शिकविले असतील. ज्या घरी वर्तमानपत्र येते, पुस्तके वाचली जातात, तेथील मूल हे शब्द नकळत उचलते. ज्या घरी तशी सोय नाही, तेथील मूल वर्गात गप्प बसते.

हे गप्प बसणे वर्षागणिक वाढत जाते. ज्यास शब्द येतात त्यास वाचनाची गोडी लागते, वाचनाने त्याचे शब्द वाढतात; ज्यास येत नाहीत तो पुस्तक मिटून ठेवतो आणि आणखी मागे पडतो. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हा प्रकार सविस्तर मांडला आणि 'ज्याच्याजवळ आहे त्यास अधिक मिळेल' अशा आशयाच्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचनावरून त्यास नाव दिले. सावकारीतील चक्रवाढ व्याज आपल्या वाडवडिलांनी भोगलेले आहे. शब्दांच्या दारिद्र्यासही तसेच व्याज चढते, एवढे म्हटले की पुरे.

आपल्या ज्ञातीपुरते पाहू. आपल्या कुटुंबांत आज दोन प्रकारची मुले आहेत. काही मुले गावाकडील किंवा शहराच्या कडेच्या वस्तीतील असून त्यांच्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. काही मुले मोठ्या शहरांत इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्यांना 'उर्वरित' इंग्रजीत सांगता येते, परंतु आजीने 'उंबऱ्यावर बसू नकोस' म्हटले की कोठे बसू नये हे कळत नाही. एका घरी शाळेचे शब्द नाहीत, दुसऱ्या घरी आजीचे शब्द नाहीत. दोन्ही मुले निरनिराळ्या रीतीने मुकी आहेत. महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. तथापि, कायद्याने विषय सक्तीचा होतो आणि दर्जाने भाषेचा मान वाढतो. शब्द मात्र एकेका मुलाच्या तोंडी एकेक करून बसवावा लागतो. ते काम शिक्षकाचे व पालकाचे आहे.

आता कोणी म्हणेल, शब्द शिकवावयाचे तर यादी करून पाठ का करून घेऊ नये? खेळ कशासाठी? आमच्या पूर्वजांनी पाठांतराची महती जाणली होती, हे खरे. अमरसिंहाचा नामलिंगानुशासन नावाचा कोश, ज्यास आपण अमरकोश म्हणतो, शतकानुशतके मुलांनी मुखोद्गत केला. परंतु तो कोश अमरसिंहाने छंदात बांधला, हे विसरून चालणार नाही. शब्दांस लय दिली, तीन कांडांत त्यांची विषयवार मांडणी केली, म्हणून ते जिभेवर राहिले. कोरडी यादी त्यासही नको होती.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडले, तेथे मुलांच्या हाती सुटी अक्षरे दिली आणि ती जुळवून मुले शब्द करू लागली. गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि गोष्टी व खेळ यांस शिक्षणात मानाचे पान दिले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत गेले. महागडी साधने तेथे नव्हती. पाने, बिया, खडे, शिंपले हीच त्यांची साधने. तेव्हा आज आम्ही सांगत आहोत ते नवे नाही; आपल्याच घरातील जुने आहे.

या जुन्या शहाणपणास अलीकडील प्रयोगांनी दुजोरा दिला आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून मग पुस्तक मिटले आणि जे आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे स्मरणातून काढण्याचा प्रयत्न केला की ज्ञान पक्के होते. शब्दखेळाचे मर्म हेच आहे. खेळात मुलास शब्द वाचावयाचा नसतो, आठवावयाचा असतो. आणि तोही एकदा नव्हे, तर सोमवारी, गुरुवारी, पुन्हा पुढच्या आठवड्यात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक फळते.

इतके विवेचन झाल्यावर आता काही खेळ सांगतो. यास एक दमडी लागत नाही.

पहिला खेळ सर्वांच्या परिचयाचा: शब्दांच्या भेंड्या. हजेरी घेताना 'हजर' म्हणण्याऐवजी प्रत्येक मुलाने मागील मुलाच्या शब्दातील शेवटच्या अक्षराने आरंभ होणारा शब्द सांगावा. 'कमळ' आले की वर्ग अडतो, कारण मराठीत 'ळ' ने आरंभ होणारा शब्द सापडत नाही. 'ण' ची गतही तीच. आम्ही हा नियम कधी सांगत नसू. मुले दोन दिवस अडत, भांडत आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगत, "गुरुजी, ळ ने शब्दच नाही!" स्वतः शोधलेला नियम मूल जन्मभर विसरत नाही.

दुसरा खेळ शब्दशिडीचा. 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणारा लुईस कॅरल याने १८७७ मध्ये इंग्रजीत असा खेळ रचला. मराठीत तो अक्षरांवर खेळावा. एका वेळी एकच अक्षर बदलून एका शब्दावरून दुसऱ्यावर जावयाचे. आम्ही वर्गास 'माती'पासून 'गादी'पर्यंत जाण्यास सांगितले आणि आमची शिडी फळ्यावर मांडली: माती, माळी, जाळी, जाडी, गाडी, गादी. मागील बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मधे एकच पायरी पुरे. माती, मादी, गादी." वर्गाने टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून ती मुलगी मागील बाकावर बसली नाही.

तिसरा खेळ 'नाव, गाव, फळ, फूल' याचाच. फक्त रकाने बदलावयाचे. शेत, स्वयंपाकघर, शरीर आणि क्रिया असे चार रकाने करावेत. 'क' अक्षर दिले तर कोळपे, कढई, कोपर, कांडणे. 'प' दिले तर पेरणी, पातेले, पापणी, पाखडणे. यात क्रियेचा रकाना सर्वांत मोलाचा. मुलांस नामे पुष्कळ येतात. क्रियापदे आटत चालली आहेत. धान्य निवडणे, पाखडणे, चाळणे, कांडणे, भरडणे, दळणे या सहा निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि शहरातील मूल त्या सर्वांस 'साफ करणे' किंवा 'बारीक करणे' म्हणून मोकळे होते. यासाठी मूकाभिनयाची जोड द्यावी. एका मुलाने न बोलता पाखडून दाखवावे, दुसऱ्याने चाळून दाखवावे; वर्गाने क्रियापद ओळखावे. खोबरे खवणे, काकडी किसणे, लसूण ठेचणे, चटणी वाटणे यांतील फरक हातांनी दाखविला की व्याख्या सांगण्याचे कारण उरत नाही.

चौथा खेळ जोडशब्दांचा. वापरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या कराव्यात. केर, कचरा, कपडा, लत्ता, सगे, सोयरे, पाला, पाचोळा अशी जोडशब्दांची अर्धी-अर्धी अंगे त्यांवर लिहून प्रत्येकास एक चिठ्ठी द्यावी आणि सांगावे, आपला जोडीदार शोधा. चाळीस मुले एकदम उठतात. कोणीही बसून राहत नाही. त्यात 'भाजी' ही चिठ्ठी मुद्दाम जादा घालावी, म्हणजे 'पाला' घेतलेल्या मुलास 'पाचोळा' एकीकडे ओढतो आणि 'भाजी' दुसरीकडे. तंटा लागला की शिक्षकाने निवाडा करू नये; वर्गास विचारावे. 'लत्ता' म्हणजे काय, असे कोणी विचारले तर दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा योग्य तो खंड त्याच्या हाती द्यावा. १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला हा कोश पुष्कळ ग्रंथालयांत धूळ खात असतो. त्यावरील धूळ मुलांच्या बोटांनी पुसली जाण्यासारखे पुण्य दुसरे नाही.

पाचवा खेळ 'पाठीमागचा शब्द'. एक मूल वर्गाकडे तोंड करून उभे राहते. त्याच्या पाठीमागे फळ्यावर शिक्षक एक शब्द लिहितात. वर्गाने तो शब्द न उच्चारता त्याची ओळख पटवावयाची. मधल्या थरातील शब्दांसाठी यासारखा खेळ नाही. आम्ही एकदा 'विरळ' हा शब्द लिहिला. एक म्हणाला, "आमच्या आजोबांच्या डोक्यावरचे केस." दुसरी म्हणाली, "उंच डोंगरावरची हवा." तिसरा म्हणाला, "बाजार उठल्यावरची गर्दी." कोशकारासही इतका चांगला अर्थ एका दमात सांगता आला नसता.

सहावा खेळ एका शब्दाच्या अनेक अर्थांचा. 'पान' हा शब्द द्यावा. झाडाचे पान, पुस्तकाचे पान, पंगतीतील पान आणि विड्याचे पान, अशी चार वाक्ये चार मुलांनी करावीत. 'नाव', 'हार', 'कळ', 'पक्ष' असे शब्द अनेक आहेत. वाक्प्रचारांसाठी शरीराचा एक अवयव द्यावा. 'हात' म्हटले की हात देणे, हात टेकणे, हात आखडणे, हातावर तुरी देणे. 'नाक' म्हटले की नाक मुरडणे, नाकी नऊ येणे. नियम एवढाच की वाक्प्रचार नुसता म्हणावयाचा नाही, आपल्या घरातील किंवा वर्गातील प्रसंगावर वाक्य करावयाचे.

सातवा खेळ मुलींनी नाव ठेवलेला आहे: 'शब्दांचे माहेर'. शिक्षकाने आठ-दहा शब्द सांगावेत आणि ते कोठून आले याचा मुलांनी अंदाज करावा. चावी, पगार, घमेले, पाव, बटाटा हे शब्द पोर्तुगीज गलबतांबरोबर आले. कागद, दुकान, जमीन हे फारसीच्या वाटेने आले. अण्णा, अक्का, अडकित्ता हे कानडीच्या अंगणातून आले. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांजकडून करवून घेतला, हे सांगण्यास याहून चांगली वेळ कोणती? भाषा ही नदीसारखी अनेक ओढ्यांचे पाणी घेऊन वाहते, हे दहा वर्षांच्या मुलास यातून सहज उमगते.

शेवटी शुद्धलेखनासाठी एक गंमत. 'रामाला भाला मारा' हे वाक्य उलट वाचले तरी तेच राहते. 'चिमा काय कामाची' हेही कानांस तसेच वाटते. परंतु लिहून पाहिले तर आरंभीची 'चि' ऱ्हस्व आणि अखेरची 'ची' दीर्घ. असे का, म्हणून मुले विचारतात. मग शब्दाच्या शेवटी येणारा इकार मराठीत दीर्घ लिहावयाचा, हा नियम शिकविण्याची खटपट उरत नाही. मुलांनी तो मागून घेतलेला असतो.

आता काही पथ्ये सांगितली पाहिजेत, कारण खेळ हे दुधारी शस्त्र आहे. बाद होण्याचा खेळ वर्गात खेळू नये. शब्द आला नाही की 'तू बाद, खाली बस', या रीतीत ज्या मुलास सरावाची गरज सर्वांत अधिक तेच सर्वांत आधी बसते, आणि ज्यास सर्व येते ते शेवटपर्यंत खेळते. आजाऱ्याचे औषध धडधाकटास पाजण्यासारखे हे आहे. अडलेल्या मुलास शेजाऱ्याने कानात शब्द सांगावा, त्याने तो मोठ्याने म्हणावा आणि खेळ पुढे जावा. पुढच्या फेरीत तो शब्द पुन्हा त्याच्याकडे यावा, म्हणजे दुसऱ्या वेळी तो स्वतःचा म्हणून सांगता येतो.

दुसरे पथ्य धीराचे. प्रश्न विचारून शिक्षकाने थांबावे. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखविले की बहुतेक शिक्षक उत्तरासाठी एखादा सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती? मनातल्या मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणावे इतके. एवढ्या अवधीत एखाद्या मुलाचे भाग्य फिरते.

तिसरे पथ्य असे की खेळाचा शेवट नेहमी वाक्यात व्हावा. सुटा शब्द हा पिशवीतील बियांसारखा. वाक्यात पेरला तरच उगवतो. आणि चौथे पथ्य वेळेचे. घड्याळी पाच मिनिटे झाली की खेळ रंगात असतानाच थांबवावा. 'आणखी एकदा' असे मुलांनी म्हणत राहावे, यातच उद्याच्या तासाची बेगमी आहे. गलका होतो, शेजारच्या वर्गास त्रास होतो, अभ्यासक्रम मागे पडतो, असे आक्षेप येतात. गलक्यास उपाय हळू आवाजात खेळण्याची पैज. अभ्यासक्रमाचे म्हणाल तर दिवसास पाच मिनिटे गेली. परंतु धडा वाचताना दर ओळीस थांबून अर्थ सांगण्याची जी वेळ वाचते, ती त्याहून पुष्कळ अधिक असते.

बंधुभगिनींनो, आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वर्गातील अबोलपणाचे कारण दर वेळी शब्दांचा अभाव हेच असते असे नाही. कित्येकदा मुलाजवळ शब्द असतो, परंतु तो 'पुस्तकातला' नसतो. खानदेशातून आलेली एक मुलगी आमच्या वर्गात दाखल झाली. पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता तिच्या तोंडून 'आंडोर' हा शब्द गेला. मुले हसली. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्या मुलीने वर्गात तोंड उघडले नाही. विचारले तर मान हलवी. फळ्याजवळ बोलाविले तर डोळे भरून येत. तिची बुद्धी आम्ही वहीत पाहत होतो, आवाज मात्र ऐकू येत नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही एक नवा खेळ काढला: 'तुमच्याकडे काय म्हणतात?' फळ्यावर 'मुलगा' हा शब्द लिहिला आणि म्हटले, आपल्या घरी, आपल्या आजोळी यास काय म्हणतात ते सांगा. जो शब्द कोणासच ठाऊक नसेल त्यास सर्वांत अधिक गुण. मालवणकडचा एक मुलगा म्हणाला, "झील." नागपूरकडचा म्हणाला, "पोट्टा." वर्ग पुन्हा हसला, परंतु हे हसू निराळे होते, कारण आता अनोळखी शब्दास गुण मिळत होते. आम्ही थांबलो. तीन सेकंदांहून अधिक थांबलो. आणि ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, "आमच्याकडे आंडोर म्हणतात. आणि मुलीला आंडेर." एका मात्रेच्या फरकाने मुलाची मुलगी झाली, याचे वर्गास मोठे नवल वाटले. ज्यांनी तिला हसले होते तीच मुले मधल्या सुटीत तिच्याभोवती जमून आणखी शब्द मागू लागली. वर्षअखेर तिच्या वहीत आजीकडून आणलेले शब्द पानेच्या पाने भरले होते.

प्रमाण भाषा आली पाहिजे, यात शंका नाही. परीक्षा, नोकरी, न्यायालय, वर्तमानपत्र यांचा व्यवहार तीतच चालतो, आणि आपली मुले त्या व्यवहारात मागे राहता कामा नयेत. परंतु प्रमाण भाषा शिकविण्यासाठी आईची बोली मुलाच्या तोंडून काढून घ्यावी लागत नाही. घराचा शब्द पाया म्हणून ठेवावा आणि पुस्तकाचा शब्द त्यावर मजला म्हणून चढवावा. पाया लाजेने पुरून टाकला तर मजला कशावर उभा राहावयाचा?

म्हणून या मंडळाकडे आमचे तीन लहानसे मागणे आहे. मंडळ दर वर्षी अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचा सत्कार करते. ते योग्यच आहे. त्याबरोबर रविवारी सकाळी मंडळाच्या जागेत अर्धा तास मुलांस एकत्र बसवून शब्दखेळ चालवावेत. इंग्रजी माध्यमाची मुले आणि मराठी शाळांतील मुले एकाच सतरंजीवर बसावीत. एकाने दुसऱ्यास 'उर्वरित' सांगावे, दुसऱ्याने पहिल्यास 'उंबरा' दाखवावा. यास खर्च सतरंजीचा आणि खडूचा. चालविण्यासाठी आपल्यातील निवृत्त शिक्षक-शिक्षिका आनंदाने पुढे येतील. आमचे नाव आजच लिहून घ्यावे.

दुसरे मागणे घरांकडे आहे. प्रत्येक घरी एक शब्दवही असावी. रात्री पान मांडल्यावर मुलाने एक शब्द पुस्तकातून आणावा आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एक शब्द आठवणीतून काढावा. आपल्या परंपरागत धंद्यांतील हत्यारांची, मापांची, कामाच्या रीतींची नावे आज ऐंशीच्या घरातील माणसांच्या ओठांवर आहेत. धंदे बदलले, ते बदलणारच. परंतु ती माणसे गेल्यावर ते शब्द विचारण्यास कोणाकडे जाणार? माताभगिनींस विशेष विनंती अशी की स्वयंपाक करताना मूल जवळ असेल तर हातातील कामाचे नाव मोठ्याने घ्यावे. त्यांच्या प्रत्येक क्रियापदागणिक भाषेचे एक पाऊल पुढे पडते.

तिसरे मागणे या स्मरणिकेच्या संपादकांकडे. पुढील वर्षीच्या अंकात चार पाने मुलांनी जमविलेल्या शब्दांसाठी राखून ठेवावीत. प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ आणि तो मुलास कोणी सांगितला, आजीने, मामाने की शेजारच्या काकूंनी, एवढे छापावे. जाहिरातींच्या पानांपेक्षा या पानांचे उत्पन्न कमी येईल. परंतु पन्नास वर्षांनी कोणी हा अंक उघडला, तर ती चार पाने प्रथम वाचील.

भाजीच्या गाडीवरच्या त्या मुलास पुढे 'उर्वरित' आले, 'अनुक्रमे'ही आले, आणि गणितातील त्याचे गुण त्याच्या हिशेबास शोभण्याइतके झाले. त्यास आम्ही नवे गणित शिकविले नाही. त्याच्या जवळ जे होते त्यास एक शब्द जोडून दिला, इतकेच. असा एक शब्द जोडून देण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आपल्या प्रत्येकाजवळ आहेत.